आमचे साडू आणि मागच्या फिडली

गाणं ऐकणारी माणसं जगात कोट्यवधी असतील, पण गाणारा गायला लागला की कंटाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कोल्हारचे. प्रवरेच्या काठाला चांगला ऊस, दारात उमदी बैलजोडी, आणि सत्तर-एकाहत्तर साली गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता असा घरात रेकॉर्ड प्लेअर. तो त्यांनी पुण्याहून आणला तेव्हा वेशीपासून घरापर्यंत बैलगाडीतून, खाली गोधडी अंथरून आणला. त्याच्यासोबत सिनेमाच्या गाण्यांच्या मोठ्या तबकड्या आल्या, आणि आमच्या मेहुणीच्या संसाराची शांतता गेली.

साडूंची ऐकण्याची तऱ्हाच उफराटी. गाणारी बाई मुखडा म्हणत असली की हे पान लावणार, गड्याला हाक मारून मोटर बंद केली का ते विचारणार, आमच्याकडे नगरच्या पावसापाण्याची चौकशी करणार. आणि ती थांबली, मागून व्हायोलिनांचा लोंढा उठला, की यांचा हात वर. "गप बसा! गाणं चालू झालं!" मग कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही. आमच्या सासूबाई एकदा ऐन त्याच वेळी शिंकल्या, तर जावयानं रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली आणि त्यांना चहा घेऊन परसात बसवलं. व्हायोलिनाला ते फिडल म्हणत. "पाव्हनं, आयका. उसाच्या फडातनं वारं गेल्यावानी कशा उठत्यात बघा फिडली! अन् ही बया मधीच तोंड घालती."

त्यांच्या मनाला खरा डाचणारा प्रश्न होता तो कव्हरावरचा. कव्हरावर गाणाऱ्याचं नाव, गीत लिहिणाऱ्याचं नाव, संगीतकाराचं तर एवढं मोठं नाव, नटीचा फोटो. "मग ह्या मागच्या मंडळींनी काय घोडं मारलंय? येकाचं बी नाव न्हाई!" एकदा जेवताना मी शहाणपणा करून सांगितलं, की मुंबईला असा एक माणूस असतो, तो प्रत्येक वाजवणाऱ्यानं कुठं काय वाजवायचं ते आधी जुळवून देतो, मग हे सगळं असं उठतं. साडूंचा घास हातातच राहिला. "म्हंजी समदं लगीन ह्यो मानूस लावतो, अन् पत्रिकेत त्याचं नाव न्हाई?" त्या दिवशी त्यांनी पुरणपोळी अर्धी टाकली. मेहुणी माझ्यावर आठवडाभर धुमसत होती.

तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. हयातीत एकदा तरी हे मागचं वाजवणं चारचौघांत पुढं आणायचं, लोकांनी ते कान देऊन ऐकायचं. आता फिडली कोल्हारात आणायच्या कुठून? पण पुढं काही वर्षांनी लेकीचं लग्न जामखेडच्या स्थळाशी ठरलं, आणि साडूंना तोड सापडली. बेलापूरची बँडपार्टी ठरवली ती त्यांनी लग्नाच्या कितीतरी आधी घरी बोलावली. बँडवाले गाणं कानावर घेतात, हे सगळ्यांना ठाऊक. यांनी त्यांना ओसरीवर बसवून पोराटोरांच्या तोंडी असलेलं एक गाणं ऐकवलं आणि क्लॅरिनेटवाल्यांकडून फक्त फिडलींचं बसवून घेतलं. गाणाऱ्या बाईच्या जागी सगळ्यांनी गप्प राहायचं, फारतर ढोलानं ठेका धरायचा.

बँडमास्तर कळवळून म्हणाला, "मालक, समदं खरं, पन ह्याच्यात गानं कुठंय?"

"गानं समद्या गावाला पाठ हाय," साडू म्हणाले. "जे पाठ हाय ते कशापायी वाजवायचं?"

मास्तरनं कपाळाला हात लावला आणि मंडळींना पुन्हा पहिल्यापासून वाजवायला सांगितलं.

लग्नाच्या दिवशी नवरदेव कोल्हारच्या मारुतीच्या देवळातून मांडवाकडे निघाला आणि बँड सुरू झाला. काय सांगू तुम्हाला! क्लॅरिनेट एकदम उंच चढायचं, वळसा घ्यायचं आणि गप्प. नुसता ढोल. पुन्हा कुठूनतरी एक लकेर यायची आणि गप्प. नाचायला पुढे आलेली पोरं एक पाय वर घेऊन तशीच उभी. आणि सगळ्यांच्या पुढे आमचे साडू, वरातीकडे तोंड करून उलटे चालताहेत, फेटा सुटलाय, चेहरा असा उजळलेला की बघत राहावं. कुणीही ऐकत नव्हतं, हे एकट्या त्यांनाच कळत नव्हतं.

जामखेडचे व्याही मात्र पेटले. "हे काय वाजवायलेत? गाणं हाय, का इचार करायलेत?" त्यांनी घोडं मांडवाच्या तोंडाशी थांबवलं. "आमची चेष्टा लावली का, पाटील? धड वाजवा, न्हाईतर आम्ही इथनंच माघारी."

साडूंचा चेहरा उतरला. मेहुणी पदर तोंडाला लावून दारातच मटकन खाली बसली. "माझ्या लेकीचं लगीन हाय का तुमच्या तबकडीचं!" मास्तरनं हताश होऊन साडूंकडे पाहिलं. साडूंनी मान खाली घातली आणि हलकेच म्हणाले, "जाऊ द्या मास्तर. तुमचं नेहमीचं वाजवा."

पण क्लॅरिनेटवाल्यांपर्यंत हे पोचलंच नव्हतं, ते अजून वाजवतच होते. ती शेवटची लकेर पुरी झाली, गप्प राहायची जागा आली, आणि नेमक्या त्या जागी घरातून गाणं आलं. मुंडावळ्या बांधून आत बसलेली नवरी गात होती. लहानपणापासून ती रेकॉर्ड जिच्या कानावर आदळली, तिला कुठं थांबायचं आणि कुठं उठायचं हे वेगळं कोण सांगणार? आधी घाबरत, मग मोकळ्या गळ्यानं. मास्तर खरा वस्ताद. त्यानं हातानंच क्लॅरिनेटं खाली आणली, आणि ती तिच्या मागून अशी अलगद चालू लागली की सबंध मांडव गप्प झाला. त्या दिवशी कोल्हारनं मागचं वाजवणं खरोखर ऐकलं. पोरीनं त्याला पुढचं दिलं म्हणून ऐकलं.

गाणं संपलं. व्याही खाकरले, फेटा नीट केला. "हे आधी सांगायचं ना हो," म्हणाले, आणि घोडं पुढं घेतलं.

मी साडूंकडे वळलो. वाटलं, आता हे मला फिडलींबद्दल विचारतील. ते भिंतीला टेकून उभे होते. डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. माझा दंड घट्ट धरून ते म्हणाले, "पाव्हनं, आपली पोर गाती व्हय हो?"

"इतकी वर्षं घरात गातेय," मी म्हणालो.

"मला न्हाई कधी आयकू आलं."

पाठवणीच्या वेळी गाडीजवळ लोकांची एकच गर्दी. साडू त्या गर्दीतून वाट काढत व्याह्यांसमोर गेले आणि हात जोडून एवढंच म्हणाले, "पोरीला गाऊ द्या."

व्याह्यांनी त्यांचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले. "गाऊ द्या म्हंजी काय, पाटील? तुमी यायचं ऐकायला. म्होरं बसून."