परदेशी माणसाची जागा

जपानमधल्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं झाली होती, तेव्हा मी पीएच.डी.साठी क्योतोला गेले. खर्चाला हातभार म्हणून मी तिथल्या एका खासगी विद्यापीठात आठवड्यातून दोन दिवस दुभाष्याचं काम करायचे. त्यांच्या धावण्याच्या संघात केनियाहून आलेले दोन विद्यार्थी होते. त्यांचं इंग्रजी आणि प्रशिक्षकांचं जपानी यांच्या मध्ये मी.

विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत दोघं हसत उभे होते. वर लिहिलेलं, ‘विविधता हीच आमची ताकद’. पण रिले शर्यतीत प्रत्येक संघातून एकाच परदेशी खेळाडूला धावता यायचं. दोघं एका खोलीत राहायचे, एकत्र जेवायचे आणि त्या एका जागेसाठी एकमेकांविरुद्ध धावायचे.

दोघांतला थोरला तिसऱ्या वर्षाला असताना त्याची टाच दुखावली, ती बरी होईना. हिवाळ्याच्या तोंडावर प्रशिक्षकांनी त्याला बोलावलं. ते माझ्याकडे बघून जपानीत म्हणाले की परदेशी माणूस आणतात तो जिंकण्यासाठी. याचा आता उपयोग नाही, मार्चनंतर शिष्यवृत्ती बंद. आवाजात राग नव्हता. मी इंग्रजीत सांगितलं की त्यांना तुझ्या तब्येतीची काळजी वाटते, मार्चनंतर वेगळी काहीतरी सोय बघावी लागेल.

त्यानं प्रशिक्षकांकडे पाहिलं. मग जपानीतच मला म्हणाला, “माझ्यासाठी गोड करून सांगू नका. मला सगळं कळतं.”

प्रशिक्षकांनी नजर खाली वळवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर आंतरराष्ट्रीय विभागाच्या बाईंकडे गेले. पदवीला एकच वर्ष उरलंय, तेवढं पूर्ण होऊ द्या, असं मी विनवलं. त्या म्हणाल्या की शिष्यवृत्ती धावण्यासाठी होती. मग वाकून म्हणाल्या, “मलाही फार वाईट वाटतं.” पुढच्या महिन्यापासून मला कामाला बोलावणं आलं नाही.

शेवटी त्याच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी खटपट करून त्याची फी माफ करून घेतली. वसतिगृह मात्र सोडावं लागलं. जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात पहाटेची पाळी करून तो वर्गात येऊन बसायचा, आणि त्यानं पदवी घेतली.

पदवीदानाला संघातून एकटा धाकटाच आला. थोरल्याच्या जागी तोच धावत होता. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मी लांबच थांबले. मग थोरल्यानंच हात करून मला बोलावलं, आणि आम्ही तिघं जेवायला गेलो.