बाबा नेव्हीत होते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. धाकट्या बहिणीलाही नाही — खरं तर तिला आधी सांगायला हवं होतं, ती पण त्यांचीच मुलगी. पण राहिलं. राहिलं काय, राहू दिलं.

मराठीत एक बरं असतं. ‘बाबा नेव्हीत होते’ म्हटलं की लोक ‘अरे वा’ म्हणतात आणि विषय संपतो. हुद्दा कुणी विचारत नाही. इथे हॉलंडमध्ये विचारतात. माझं काम डच नौदलाच्या खरेदीतलं — मोठ्या जहाजातून सैनिकांना थेट वाळूवर नेऊन उतरवणाऱ्या नव्या बोटी घ्यायच्या होत्या, त्यांच्या अटी ठरवणाऱ्या टीममध्ये मी एकटी भारतीय. पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, वडील ऑफिसर होते का? मी मान हलवली. बस, तेवढंच. तोंडातून शब्दही काढला नाही — मग ते खोटं कसं, अशी मी स्वतःची किती दिवस समजूत घालत होते!

बाबा कुक होते. सैनिक उतरवणाऱ्या जहाजावरच, पण गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात. पुढचं दार उघडून रॅम्प खाली गेला की खारा वारा थेट पातेल्यांपर्यंत यायचा, हे ते काय रंगवून सांगायचे! त्यांचे किस्से मी मीटिंगमध्ये सांगायचे — गॅली तेवढी गाळून. आणि सगळे कान देऊन ऐकायचे हो. हळूहळू बाबा ‘कॅप्टन’ झाले. कुणी केलं? मीच होऊ दिलं.

मग बाबा आमच्याकडे झूटरमेरला राहायला आले. त्याच उन्हाळ्यात, टीममधल्यांच्या घरच्यांना डेन हेल्डरच्या बंदरात जहाज दाखवायचं ठरलं. बाबांना हॉलंडमध्ये दुसरं काही बघायचंच नव्हतं. एकदा तसल्या रॅम्पवर उभं राहायचं होतं, बास. पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला त्यांनी. आणि मी म्हणाले, ‘‘बाबा, सिक्युरिटी फार कडक आहे. फक्त मुलांना नेता येतं.’’

कसली भीती होती मला? हीच, की भेटेल त्या पहिल्या माणसाला ते हसत सांगतील — मी कुक होतो. त्यांना त्याची कधी लाज वाटली नव्हती. मला वाटली.

मुलीला, ईराला, घेऊन गेले. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्येच देते. संध्याकाळी परत आलो तर बाबांनी स्वयंपाक करून ठेवलेला. शर्ट अजून खुर्चीच्या पाठीवरच. त्यांनी नातीला विचारलं, काय काय पाहिलंस? आणि कार्टी नेमकी त्या दिवशी मराठीत बोलली.

‘‘तिकडे खूप आजोबा होते.’’

बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ‘‘वाढू का?’’ म्हणाले. आणि वाढलं — आधी मला. एकदा तरी रागवायचं होतं ना त्यांनी? नाही रागावले. परत गेले, आणि पुढच्या वर्षी तर गेलेच.

परवा नवी बोट आली. रॅम्प खाली गेला आणि खारा वारा आत शिरला. बाबा हवे होते. शेजारचा सहकारी हळूच म्हणाला, आज कॅप्टन असते तर खूश झाले असते, नाही?

मी मान हलवली.