अंगठीची खाच

वसईजवळ गोखिवऱ्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका गाळ्यात मी बरीच वर्षं नोकरी केली. काम सोपं सांगायचं तर पहिला नग बनवण्याचं. एखाद्या कंपनीला नवी वस्तू बाजारात आणायची असली की लोखंडी साच्यावर खर्च करण्याआधी हातात धरून बघायला एक नमुना लागतो. तो आम्ही करून द्यायचो. आधी लाकूड कोरून करायचो. मग दोन हजार सालानंतर केव्हातरी मालकांनी परदेशी मशीन आणलं. ते प्लॅस्टिकचा तापलेला धागा थरावर थर घालत वस्तू उभी करायचं. संध्याकाळी कॉम्प्युटरवरून काम लावून घरी जावं आणि सकाळी येऊन नमुना उचलावा. सुरुवातीला बघायला माणसं यायची. दोन महिन्यांत सगळ्यांना त्याचाही कंटाळा आला.

मशीन आलं तरी मालकांनी आपली जुनी तऱ्हा सोडली नाही. हातात धरायची कुठलीही वस्तू असो, ती वापरणाऱ्या हाताने आधी मातीत धरून बघायची. गाळ्यात सगळे पुरुष. आम्ही अंदाजाने बनवलेल्या मुठी कंपनीतल्या बायका परत पाठवायच्या. म्हणून शनिवारी निघताना प्रत्येकाच्या डब्याच्या पिशवीत मातीचा एक गोळा यायचा. तपकिरी, तेलकट माती. ती कधी वाळत नाही. रविवारी घरच्या बाईने ती मुठीत दाबायची आणि सोमवारी ठसा टेबलावर ठेवायचा. आजूबाजूच्या गाळ्यांतले लोक आम्हाला हसायचे. हसण्यासारखंच होतं ते.

एकदा फ्राइंग पॅनच्या हँडलचं काम आलं. त्या रविवारी भाकऱ्या झाल्यावर बायकोने हात पुसले आणि गोळा उचलला. कसा धरू, म्हणाली. पॅन उचलतेस तसा धर, मी सांगितलं. पॅन रिकामा की भरलेला, असं तिने विचारलं. हे काही मालकांनी सांगितलं नव्हतं. मी आपलं भरलेला म्हटलं. तिने गोळा घट्ट आवळला. मी अंगठी काढायला सांगितली, नाहीतर मातीत तिची खाच पडते आणि नंतर ती बुजवावी लागते.

"निघत नाही आता," ती म्हणाली. "तुमच्या संसारात बोटं जाड झाली माझी."

साखरपुड्याची अंगठी होती ती. खाच पडली ती पडलीच.

पुढच्याच महिन्यात ती गेली. ताप आला होता. त्या दिवसांत घरोघरी ताप होता, म्हणून तिनेही तो अंगावर काढला आणि मीही काढू दिला. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. अंगठी शेवटी तिथे कापून काढावी लागली. एका नर्सने ती कापसात गुंडाळून माझ्या हातात दिली. तेव्हा मला काय वाटलं हे नंतर अनेकांनी विचारलं. काही वाटलं नाही. बिल कुठे भरायचं ते मी त्या नर्सलाच विचारलं.

तेरावं झाल्यावर कामावर गेलो. मधल्या काळात कंपनीच्या मॅडम येऊन ठसे बघून गेल्या होत्या. आमच्यातला एक भुईगावचा होता. त्याच्या बायकोचे हात केळीच्या वाडीत काम करून चांगले दणकट झालेले. तिचाच ठसा निवडला जाईल असं आम्हाला वाटलं होतं. मॅडमनी उचलला होता तो माझ्या घरचा. मालकांना ते मला कसं सांगावं कळेना. भुईगावचा सहकारी मान खाली घालून मशीन पुसत राहिला. मीच ठसा उचलला आणि मोजायला बसलो.

मोजायचं म्हणजे सुईसारखं टोक ठशावर जागोजागी टेकवायचं आणि टेकवलं की कॉम्प्युटरवर एक ठिपका उमटतो. ठिपके जोडले की आकार तयार होतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. अनामिकेपाशी खाच आली. नेहमी आम्ही ती तिथल्या तिथे पुसून टाकतो. मी पुसली नाही. कुणाला यात प्रेम वगैरे दिसेल, पण तसं काही नव्हतं. पुसायला थोडं जास्तीचं काम करावं लागलं असतं आणि त्या दिवसांत मला जेवायचाही कंटाळा यायचा.

नमुना तयार झाला. मॅडमनी तो धरून पाहिला, वर केला, तिरका केला. बोट या खाचेत बसतं, हात सरकत नाही, ही कल्पना छान आहे, असं त्या म्हणाल्या. कल्पना कुणाची म्हणून त्यांनी विचारलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सगळ्यांची.

मंजुरी मिळाली की कंपनीच्या माणसासमोर बाकीचं सगळं मोडायचं, असा करार असायचा. डिझाइन बाहेर जायला नको म्हणून. प्लॅस्टिकचे नमुने हातोडीने फोडायचे. मातीचे ठसे मात्र फोडत नाहीत, ती माती परत वापरायची असते. ते मळून पुन्हा गोळ्यात घालायचे. मालकांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "हा राहू दे. मी मॅडमशी बोलतो."

मी नको म्हटलं. घरी नेऊन ठेवणार तरी कुठे? ठसा हातात घेतला आणि मळला. माती आधी कडक होती, मग हाताच्या उबेने मऊ झाली. तिची चारही बोटं गेली, अंगठा गेला. गोळा पिंपात टाकला आणि चहा प्यायला गेलो.

वर्षभरात पॅन बाजारात आला. मी वसईच्या बाजारातून एक विकत आणला. मुलगी तेव्हा सातवी-आठवीत होती आणि आमचं सकाळचं ऑम्लेट तीच करायची. शेजारच्या काकूंनीही तोच पॅन घेतला होता. खाचेत तेल आणि काजळी अडकते, काडीने कोरत बसावं लागतं, कुठल्या मूर्खाने हे केलं, असं त्या मला जिन्यात सांगायच्या. मी हो म्हणायचो.

अशा तक्रारी फार झाल्या असाव्यात. साचा झिजला आणि नवा करायची वेळ आली तेव्हा कंपनीचा निरोप आला की हँडल तेच ठेवा, फक्त खाच काढा. फाइल माझ्याकडेच होती. हे काम दुसऱ्या कुणाला द्या, असं मी मालकांना म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. पण दुसरा म्हणजे भुईगावचा, आणि त्याला कॉम्प्युटर जमत नव्हता. शेवटी मीच फाइल उघडली. खाच बुजायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. हँडल गुळगुळीत झालं. कुणाच्याही हाताचं दिसायला लागलं. मी ते पाठवून दिलं आणि सांडोर गावच्या भाजीवालीकडून केळी घेऊन घरी गेलो.

मुलगी मोरीत पॅन घासत बसली होती. जुना टूथब्रश घेऊन खाच कोरत होती आणि करवादली होती.

"बाबा, ही खाच कशाला ठेवलीय इथे? सारखी घाण अडकते."

इतक्या दिवसांत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. ही आईच्या अंगठीची आहे. आईने भरलेला पॅन समजून माती धरली होती, म्हणून इतकी खोल आहे. आता नव्या पॅनना ती नसेल.

तिने ब्रश खाली ठेवला. साबणाचा हात फ्रॉकला पुसला आणि हँडल धरलं, घट्ट, बोटांनी जागा शोधत. तिचं बोट अजून बारीक होतं. ते खाचेत इकडेतिकडे हलत होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"मग आता घासू की नको?"

मला रडू फुटलं. तिची आई गेल्यापासून पहिल्यांदा, मुलीच्या देखत, केळ्यांची पिशवी हातात धरून मी रडलो. ती घाबरली नाही. नळ बंद करून उत्तराची वाट बघत राहिली.

"घास," मी म्हटलं. "तिला चिकट भांडं चालायचं नाही."