जीपमध्ये रोज किती माणसं बसतात

जीप दोन इंच उंच करून घेतली तेव्हा आम्ही सहा जण होतो. शहराबाहेरच्या तलावांमध्ये भराव टाकून प्लॉट पाडले जात होते आणि तिथल्या वस्त्यांत पत्रकं वाटायला जायचं म्हणजे बांधावरचा चिखल, नाहीतर उघडे खडक. अ‍ॅक्सल आणि स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून आम्ही गाडी वर उचलली. धक्के झेलणारे शॉकअप मात्र जुनेच राहिले, उंच गाडीला आखूड पडणारे. त्यातलं कुणालाच काही कळत नव्हतं, आणि उंच गाडीतून लोकांना हाका मारायची मजाच इतकी होती की विचारावंसंही वाटलं नाही.

आता जीप माझ्याकडे आहे आणि बाकीचे पाच जण सोबत नाहीत. शहरातल्या शहरात, नल्लकुंट्याहून कोठीला मी ती रोज एकटी चालवते. तिथल्या एका छापखान्यात मी प्रुफं तपासते. चाक खड्ड्यात गेलं की आखूड शॉकअप ताणून ताणून संपतो आणि एक ठोका थेट पाठीच्या कण्यात बसतो. वर्षभर मी तो सहन केला. मग एका शॉकअपमधून तेल गळायला लागलं.

मलकपेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव सगळे घेतात. त्याने फळीवर दोन जोड्या मांडल्या.

"लंबाई दोनों की बराबर है, तुम्हारी उंची गाडी के हिसाब से," तो म्हणाला. "ये सख्त है, भरी गाडी के वास्ते. ये नरम. सख्त वाला डालके अकेले चलाए तो घोडे के माफिक कुदाती. रोज कित्ते जने बैठते?"

"छे जने," मी म्हणाले.

त्याने मागच्या सीटवरच्या धुळीकडे पाहिलं. नंतर म्हणाला, "अच्छा. तो इतवार कू छे जनों कू लाओ. बिठाके नापता मैं. खाली गाडी का नाप झूटा रहता, बेटा."

ही त्याची रीत. रोजची माणसं गाडीत बसवल्याशिवाय तो मापच घेत नाही. एक गिऱ्हाईक सासूला घेऊन आलं होतं आणि ती बाई तिथे बसल्या बसल्या जावयाच्या ड्रायव्हिंगवर बोलत राहिली, असं त्याने मला फार आनंदाने सांगितलं.

मी खोटं का बोलले? मला सख्त जोडीच हवी होती. नरम शॉकअप बसवणं म्हणजे आता इथे कुणी येणार नाही हे लिहून देणं, असं मला वाटत होतं.

मला वाचायला बाबांनी शिकवलं ते पत्रकांवरून. शाळेत मराठी नव्हतं. घरात मोर्च्यांची, संपांची, सभांची पत्रकं होती, आणि 'धिक्कार' हा शब्द मला 'धन्यवाद'च्या आधी वाचता आला. त्यामुळे आमच्यातल्या दोघांनी बिल्डरांच्या कंपन्यांत नोकऱ्या धरल्या तेव्हा मी भांडले नाही, फोन केला नाही. मी पत्रक काढलं. पानभर. 'विकले गेलेले' असं शीर्षक दिलं आणि पाचही जणांच्या घरी नेऊन टाकलं, म्हणजे ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्याही घरी. दोन महिन्यांत आमची बैठक बंद पडली.

त्या पाच जणांना मी शनिवारी फोन लावले. तिघांनी उचलला नाही. एकीने "कळवते" असा मेसेज टाकला आणि कळवलं नाही. पाचवा बिल्डरकडे गेलेल्या त्या दोघांपैकी एक होता. त्याने उचलला.

"कशाला बसायचं म्हणालीस?"

"शॉकअपचं माप घ्यायचंय. फक्त बसायचं. अर्धा तास."

"म्हणजे माझं वजन पाहिजे तुला, मी नाही." तो हसला. "अगं, विकलेल्या माणसाचं वजन चालतं का तुझ्या गाडीला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझं ते पत्रक मी वाचलं का, विचार ना."

"वाचलंस?"

"अर्ध्यावर आहे. तुला माहितीये माझं मराठी कसलंय. अक्षराला अक्षर लावत बसतो मी. मोठे मोठे शब्द घातलेस, एका शब्दाला एक स्टेशन जातं मेट्रोत. शिव्या आहेत हे कळायलाच आठवडा लागला. हौले, अगं वेडे, फोन करून दिल्या असत्यास तर एका मिनिटात कळल्या असत्या."

"मग उद्या?"

"उद्या नाही जमत गं," तो म्हणाला. मग त्याने फोन ठेवला.

रविवारी मी घरातले उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे जीपमध्ये भरले. तलावांची पत्रकं, आम्ही काढायचो त्या तिन्ही भाषांतली. पाच सीटवर पाच ढीग. मिस्त्रीने वाकून आत पाहिलं.

"ये क्या है?"

"वजन."

"रोज फिराते इसकू?"

हो म्हटलं असतं तर त्याने मान्य केलं असतं. माझ्या तोंडात ते आलंही होतं. ज्या कागदांवर मी इतकी वर्षं दुसऱ्यांचं खोटं उघडं पाडत होते, तेच कागद माणसं म्हणून बसवून मी एका म्हाताऱ्याला फसवायला निघाले होते.

"नाही," मी म्हणाले. "रोज एकच. मी."

त्याला नवल वाटलं नाही. आम्ही दोघांनी गठ्ठे उतरवून भिंतीशी लावले. मग त्याने मला बसायला सांगितलं. "जैसा रोज बैठते वैसा बैठो. हिलो नक्को."

तो टेप घेऊन गाडीखाली सरकला. मी स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. एंजिन बंद, आणि शेजारी, मागे कुणी नाही. खालून टेप ओढल्याचा आवाज येत होता. माझ्या एकटीच्या वजनाने गाडी जेवढी दबते तेवढं कुणीतरी नीट मोजत होतं. मी अजिबात हलले नाही.

तो बाहेर आला, हात पुसले आणि नरम जोडी उचलली.

"बाद में लोगां आए तो?" मी विचारलं.

"आए तो बिठाओ," तो म्हणाला. "गाडी धीरे चलाओ."