खामगावच्या जिनिंगमधला सर्व्हर
परवा सरकीच्या पेंडेचा वास आला आणि मला खामगावची ती जिनिंग आठवली. एकटीनं करायचं माझं ते पहिलंच काम होतं: ऑफिसात सर्व्हर बसवायचा आणि वजनकाट्याचा कॉम्प्युटर त्याला जोडायचा. बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या, आणि सर्व्हर मात्र ‘नेटवर्क सापडत नाही’ एवढंच सांगत होता. तीनदा सगळं नव्यानं टाकलं, वायरी बदलल्या, शेवटी डोळ्यांत पाणी आलं. झाडू मारणाऱ्या मावशी वाकून बघत म्हणाल्या, “काऊन वं पोरी, या वायरीपाशी लाइट नाही लागून राह्यला?” “तेच तर कळत नाही, मावशी.” “अवं, इथं भोक दिसलं का रुई घुसते. आठ दिवसांपासून हा डबा उघडाच पडून होता.” मी सर्व्हर बंद करून वायर उपसली. मावशींनी अंबाड्यातली पिन काढून दिली. त्या पिनेनं मी भोक अलगद टोकरलं, तर वातीएवढी रुई बाहेर आली! वायर लावून सर्व्हर सुरू केला आणि हिरवा दिवा लुकलुकला. “लागला वं माय!” मावशी ओरडल्या, आणि पहिली गाडी काट्यावर चढली. आज माझ्या हाताखाली सहाजण आहेत. कुणी अडलं की मी आधी विचारते, “तिथं झाडू कोण मारतं? त्यांना विचारलंस का?”