मान टाकलेली बदकं

मावशी बदकं करायची. प्लॅस्टिकची, पिवळी, पोट दाबलं की चूं करणारी. सगळी गल्ली तिला बदकमावशी म्हणायची आणि तीही खुशाल म्हणवून घ्यायची. तिचा कारखाना म्हणजे एक लांबोडकी पत्र्याची शेड. आत एक यंत्र, यंत्रात एक साचा, यंत्रापाशी कमरेला पदर खोचलेली मावशी आणि दाराजवळ खुर्चीत तिचे यजमान, म्हणजे काका. काकांचं काम एकच, प्रत्येक बदक दाबून बघायचं. चूं झालं तर खोक्यात, नाही झालं तर टोपलीत. या कामापायी त्यांचं बोलणं इतकं कमी झालं होतं, की घरात कुणी काही विचारलं तर ते आधी त्याचा खांदा दाबून बघायचे.

गरम प्लॅस्टिक साच्यात शिरायचं आणि साच्याभोवती छतावरच्या टाकीचं पाणी फिरायचं. पाणी गार असलं की बदक घट्ट व्हायचं. पण त्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणीच अंघोळीला चालेल इतकं तापलं. बदकं साच्यातून मऊच बाहेर यायची आणि बघता बघता मान टाकायची. फळीवर नापास झालेल्या पोरांसारखी रांगेनं खाली बघत बसायची. दुकानदारानं खोकं परत पाठवलं. म्हणाला, "मावशी, ही बदकं बघून गिऱ्हाइकाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं."

आता चिलर घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चिलर म्हणजे एक थोरला फ्रीजच. भाजी ठेवण्याऐवजी तो साच्यातलं तापलेलं पाणी ओढून घेतो, गार करतो आणि परत पाठवतो. मावशीला हे नीट ठाऊक होतं, कारण भिंतीला भिंत लागून तिच्या व्याह्यांचा बाटल्यांच्या झाकणांचा कारखाना होता. मावशीची एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिलेली. व्याह्यांनी आधीच्या वर्षीच चिलर घेतला होता आणि तेव्हापासून ते भेटतील तिथे म्हणायचे, "कधी उकडलं तर येऊन बसत जा, विहीणबाई. आपलंच घर समजा." हे वाक्य मावशीला चपलेतल्या खड्यासारखं टोचायचं.

चिलर विकणारा आला. सडपातळ, सरळ माणूस. आल्या आल्या त्यानं विचारलं, "मावशी, ताशी किती किलो प्लॅस्टिक वितळवता? साच्यात पाणी किती गार हवं? बाहेर येतं तेव्हा किती तापलेलं असतं?"

"व्याह्यांकडे किती टनांचा आहे?" मावशीनं विचारलं.

"पाच."

"मग मला दहाचा द्या."

विक्रेत्यानं पेन खाली ठेवलं. "अहो, टन म्हणजे त्याचं वजन नाही. उष्णता ओढून घ्यायची ताकद आहे ती. तुमच्या एका साच्याला तीन टन रग्गड झाले."

"पाचाच्या शेजारी तीन ठेवून लेकीच्या सासरी तोंड कसं दाखवू मी?"

"गरजेपेक्षा मोठा घेतला तर तो घटकेत पाणी गार करून बंद पडेल. पाणी तापलं की पुन्हा चालू, पुन्हा बंद. अशानं त्याचा कॉम्प्रेसर लवकर मरतो."

"काम भराभर उरकून कुणी स्वस्थ बसला, तर त्याला नावं ठेवावीत का?"

विक्रेत्यानं काकांकडे पाहिलं आणि हा मुद्दा सोडून दिला. "बरं, पाण्यातली उष्णता हवेत फेकावी लागते. गरम हवा कुठे सोडणार?"

"मागे खिडकी आहे की."

खिडकीपलीकडे काय आहे ते त्यानं विचारलं नाही आणि मावशीनं सांगितलं नाही.

चिलर क्रेननं उतरवला. मावशीनं व्याह्यांना मुद्दाम बघायला बोलावलं होतं. त्यांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "छान आहे, विहीणबाई. यात राहायला कोण येणार?"

बदकं मात्र सुधारली. माना ताठ, चोची वर. फक्त चिलरचं वागणं विक्रेत्यानं सांगितलं तस्संच. धडधडला, गप्प झाला, धडधडला, गप्प झाला. दर वेळी दिवे मिचकायचे, काका दचकायचे आणि हातातलं चांगलं बदक टोपलीत टाकायचे. मावशी कुणी विचारलं तर सांगायची, "जातिवंत आहे. उगाच खपत नाही."

पलीकडे वेगळंच रामायण चाललं होतं. मावशीची मागची खिडकी उघडत होती व्याह्यांच्या शेडमध्ये, बरोबर त्यांच्या चिलरच्या तोंडावर. त्यालाही आपली उष्णता हवेतच फेकायची असायची. पण हवाच भट्टीची झाल्यावर तो बिचारा फेकणार कुठे? त्याचा जीव मेटाकुटीला आला. झाकणं लंबगोल निघायला लागली. तक्रार करावी, तर समोर सुनेची आई. वर ती म्हणणार, माझा मोठा आहे म्हणून पोटात दुखतं. व्याही डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसायला लागले.

"झाकणं कशी येताहेत, व्याहीबुवा?" मावशी फाटकात विचारायची.

"छान. अगदी गोल."

शेवटी लेकच आली. "आई, माझे सासरे आज बादलीत पाय सोडून गिऱ्हाइकाशी बोलत होते. तू एकदा येऊन बघ."

मावशी गेली. व्याह्यांनी घाईघाईनं बादली टेबलाखाली सरकवली.

"जरा ऊब आहे, नाही?" मावशी म्हणाली. घाम तिच्या हनुवटीवरून ठिबकत होता.

"थंडीत बरी पडेल," व्याही म्हणाले.

मावशीनं एक झाकण उचललं आणि बाटलीवर बसवून पाहिलं. ते एका बाजूनं बसायचं, दुसऱ्या बाजूनं उठायचं. मग ती वाऱ्याच्या रोखानं खिडकीपाशी गेली. गरम झोत तोंडावर आला आणि जाळीपलीकडे तिला स्वतःचा नवरा दिसला, बदक दाबताना. तेवढ्यात झोत थांबला. सगळं गप्प झालं.

"तुमचा मधूनमधून बंद पडतो वाटतं," व्याही हळूच म्हणाले.

मावशीच्या ओठावर 'जातिवंत' आलं होतं. पण तेवढ्यात व्याह्यांच्या टॉवेलमधून एक थेंब त्यांच्या नाकावर ओघळला. तिला हसू आवरेना आणि ती खरं बोलून गेली. "त्याला पुरेसं कामच नाही हो. नको तेवढा मोठा घेतला मी."

"आणि माझ्याला झेपत नाही," व्याही म्हणाले. टॉवेल काढून ते पहिल्यांदाच तिच्यासमोर मोकळे बसले.

विक्रेत्याला बोलावलं. मावशीची गरज तीन टनांची आणि व्याह्यांची चार, असे सात टन होत होते. दहाच्या चिलरला हे काम अंगाबरोबर होतं. व्याह्यांचा बंद केला, भिंतीतून नळ्या टाकून दहाच्याचं पाणी दोन्हीकडे फिरवलं, आणि गरम हवा पत्र्याच्या धुराड्यातून छतावर काढून दिली. विक्रेता इतका सुखावला, की जाताना त्यानं काकांशी हात मिळवला. काकांनी तो दाबून पाहिला.

भांडण मात्र राहिलंच. पाणी दहा अंशावर हवं, असं मावशीचं म्हणणं. पंधरावर, असं व्याह्यांचं. दोघंही चोरपावलांनी येऊन आकडा फिरवायची. एक दिवस लेकीनं तो बारावर आणला, आकड्यावरच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला मारली.

"दहा केलेस ना?" मावशीनं विचारलं.

"तुझं कधी मोडलंय का मी, आई?"

मग ती पलीकडे गेली आणि सासऱ्यांनी काही विचारायच्या आत म्हणाली, "बाबा, तुमचंच ऐकलं. फक्त आईला बोलू नका."

तेव्हापासून व्याही मावशीशी फार मायेनं वागतात, हरलेल्या माणसाशी वागावं तसे. मावशीही तशीच वागते.