नियम दाखवा, मग उठते

लेक पाच महिन्यांची असताना, २०१६ च्या मे महिन्यात, रहिवासी दाखल्यासाठी मी तलासरीच्या एका कार्यालयात गेले होते. माहेर डहाणूचं, सासर झाईचं. आमचा नंबर सत्तावीस, आणि आत नववा चालू. लेकीने भोंगा पसरला.

मी भिंतीकडे तोंड केलं, ओढणी घेतली आणि तिला पाजायला लागले. ओढणीखाली नुसती भट्टी. ती लाथेने ओढणी उडवायची, मी परत ओढून घ्यायची.

शेजारी उधवा गावची एक बाई बसली होती. तिचं पोर मघापासून अंगावर पीत होतं आणि ती पलीकडच्या बाईशी भाताच्या बियाण्याबद्दल बोलत होती. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरीला कशाला कोंडतेस गं?"

मी नुसती हसले. ओढणी काढायचा धीर होत नव्हता.

तेवढ्यात शिपाई आला. "ताई, इथे नको. लोकं येतात-जातात."

गंमत म्हणजे हे फक्त मला. तिला कोणी काही बोललं नाही.

"मग कुठे जाऊ?"

"मागे संडासाच्या बाजूला जागा आहे."

तोवर मला लाज वाटत होती, आता राग आला. "असा नियम आहे का? असेल तर दाखवा. वाचते आणि उठते."

कायद्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शिपाई आत गेला, अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली.

"बघू आता, कुठला कागद आणतो," उधव्याची बाई म्हणाली. तिला मजाच वाटत होती.

कागद आला नाही, साहेब आले. आम्हा दोघींकडे बघून म्हणाले, "असा काही नियम नाही. पाजा तुम्ही." मग शिपायाला, "तो पंखा जरा इकडे वळव."

पुढे एका वकील मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, मनाई करणारा कायदाच नाही, तू अंदाजाने बरोबर बोललीस.

त्या दिवशी मात्र मी ओढणी घडी करून पिशवीत टाकली. नंबर आला तेव्हा सह्या करायला दोन्ही हात हवे होते. शिपायानेच लेकीला खांद्यावर घेतलं. तिने लगेच ढेकर दिली आणि त्याच्या शर्टावर दूध काढलं.

"असू दे," तो रुमालाने पुसत म्हणाला, "आमची पण अशीच करायची."